'हाउसिंग असोसिएशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
आमच्या शेजारच्या मावशी लग्नाआधीपासून विड्या वळतात. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. ती राहते ती खोली तिथल्या एका 'हाउसिंग असोसिएशन'ची आहे. त्या संस्थेचं पत्रक मुलीने फोनवर पाठवलं. मावशींनी मांडीवरचं सूप तसंच ठेवून फोन माझ्या हातात दिला, "मराठीत सांग बघू काय लिहिलंय." मी म्हटलं, 'गृहनिर्माण संस्था'. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरकुलासारखंच की. मग शेअर किती भरला तिनं?" मी तिथेच अडकले. मुलगी भाडं देते, शेअर-बिअर काही नाही. मग नेमका शब्द कुठला?

उत्तर १
मावशींचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. आपल्याकडे 'गृहनिर्माण संस्था' म्हटलं की १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. सभासद, भागभांडवल, कमिटी, वार्षिक सभा. राहणारेच संस्थेचे धनी. ब्रिटनमध्ये संस्था घरमालक आणि राहणारा तिचा भाडेकरू. साध्या घरमालकाहून फरक एवढाच, की हा मालक नफा वाटून घेत नाही. उरलेला पैसा दुरुस्तीत आणि नव्या घरांत जातो. लंडनची पीबॉडी ही संस्था १८६२ साली एका देणगीतून उभी राहिली, ती आजही घरं भाड्याने देते. कर्जात बुडालेल्या भाडेकरूला सल्ला, कामधंदा शोधायला मदत, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस, हीही कामं अशा अनेक संस्था करतात. म्हणून 'निर्माण' हा शब्दच इथे तोकडा पडतो. बांधून झालं की निर्माण संपतं, सांभाळायचं काम तर त्यानंतर सुरू होतं.
'सोसायटी'ही नको. कुठल्याही गावात 'सोसायटी' म्हणा, माणसाच्या डोळ्यांपुढे पीककर्ज येतं.

उत्तर २
मी सोलापूर शहराच्या पूर्व भागातला. 'घरकुल' या शब्दाबद्दल थोडं सांगतो. मूळ अर्थ लहानसं घर, पोरांनी खेळात मांडलेलं घर. पुढे सरकारी योजनांनी तो उचलला आणि 'घरकुल मंजूर झालं' हे वाक्य गावोगाव पोचलं. सोलापुरात मात्र तो ठिकाणाचं नाव झालाय. कुंभारीजवळ कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. तेव्हापासून 'विडी घरकुल' हा पत्ता आहे. आमच्यात कोणी 'घरकुलात' म्हणत नाही, 'घरकुलला जायचंय' म्हणतात, जसं 'अक्कलकोटला'. जवळच रे नगर आहे, असंघटित कामगारांच्या तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. तिथे 'फेडरेशन' (म्हणजे गृहनिर्माण संस्थांचा संघ) हा शब्द बायकांच्या तोंडी इतका सहज असतो, की तो इंग्रजी आहे हे आठवतही नाही.
हे सगळं स्वतःच्या मालकीचं घर. ते मिळावं म्हणून बायकांनी मोर्चे काढले, हप्ते भरले. भाड्याच्या खोलीला 'घरकुल' म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

उत्तर ३
लेखनाचा एक मुद्दा. नियमाने 'घरकूल' हवं: मूल-मुलाला, फूल-फुलात, तसं घरकूल-घरकुलात. 'कुल' हा शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, मानणारे ऱ्हस्व लिहितात. पाट्यांवर ऱ्हस्वच दिसतं, आणि विशेषनाम असेल तिथे ते तसंच ठेवावं. मूळ प्रश्नाला मी 'भाडेघर संस्था' सुचवेन. 'सामाजिक गृहव्यवस्था' फारच कागदी होतं, ते ऐकून मावशी पुन्हा सूप ओढून घेतील.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. काल मावशींना 'भाडेघर संस्था' असं वाचून दाखवलं. खिडकीला ओल आली तर कुणाला फोन करायचा, भाडं थकलं तर आधी कुणाशी बोलायचं, हे पत्रकात होतं तेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पान कातरता कातरता विचारलं, "भाडं थकलं तर सामान बाहेर टाकत नाहीत ना लगेच?" म्हटलं, आधी बोलावून घेतात, हप्ते ठरवतात.
"मग संस्थाच म्हण," त्या म्हणाल्या. "मालक नको म्हणू."