लिओनेने स्वतः कापलेला प्रसंग परत का जोडायचा?

वाळवंटी (धागाकर्ता)

परवा रात्री सर्जिओ लिओनेचा वेस्टर्न सिनेमा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' पुन्हा लावला. हा सिनेमा कितीदा पाहिलाय याचा हिशेब नाही, पण १७९ मिनिटांची वाढीव आवृत्ती सलग बघायची ही पहिलीच वेळ. टुको हा डाकू वाळवंटातून तहानेने अर्धमेला होऊन गावात येतो, बंदुकीच्या दुकानात शिरतो, वेगवेगळ्या पिस्तुलांचे भाग कानाशी धरून ऐकतो आणि स्वतःचं एक पिस्तूल जुळवतो. इथवर मला सगळं पाठ आहे. यानंतर थेट हॉटेल यायचं. त्याऐवजी एक गुहा आली. टुको कोंबडी घेऊन एकटाच मोठमोठ्याने बोलतोय, आणि छताच्या भोकातून दोराला धरून त्याचे तीन जुने साथीदार खाली उतरतायत. पडद्यावरचा टुको पन्नाशीचा, आणि तोंडून येणारा आवाज एका म्हाताऱ्या माणसाचा!

कारण असं. सिनेमा डिसेंबर १९६६ मध्ये इटलीत लागला तेव्हा जवळजवळ तीन तासांचा होता. बाहेरच्या देशांसाठी तो १६१ मिनिटांवर आणला, आणि कापलेल्या भागाचं इंग्रजी डबिंग झालंच नाही. २००३ साली ते प्रसंग जोडायचे ठरलं तेव्हा टुको झालेल्या इलाय वॉलकला ८७ व्या वर्षी माइकपुढे बसवलं. नायक क्लिंट ईस्टवूडही तोवर सत्तरी ओलांडलेला. खलनायक झालेला ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेला होता, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्याचा आवाज घेतला.

इथवर मी समजून घेतो. पण गुहेचा प्रसंग इटलीतल्या लोकांनीही पाहिलेला नव्हता. रोमच्या पहिल्या खेळानंतर तो लिओनेने स्वतः काढून टाकला होता. तो १९८९ साली वारला, आणि १४ वर्षांनी त्याने टाकून दिलेली गोष्ट त्याच्याच सिनेमात परत शिवली गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. वितरकाने कापलेलं परत आणा, दिग्दर्शकाने कापलेलं वेगळं ठेवा. १९९८ च्या डीव्हीडीवर सिनेमा १६१ मिनिटांचा होता आणि काढलेले प्रसंग बाजूला, इटालियनमध्ये, ज्याला बघायचे त्याच्यासाठी. ती सोय काय वाईट होती? नंतर २००४ ची डीव्हीडी आणि २००९ ची ब्लू-रे, दोन्हींवर फक्त मोठी आवृत्ती. म्हणजे जो सिनेमा जगाने तीस-पस्तीस वर्षं पाहिला तोच दुकानातून गायब.

तुम्हाला काय वाटतं?

चित्रखुळा

गुहेपुरतं तुमचं ऐकतो. पण तिच्या निमित्ताने सगळ्या वाढीव आवृत्तीवर काट मारू नका. उद्ध्वस्त किल्ल्याचा प्रसंग आठवा. व्हॅन क्लीफचा एंजल आइज पुरलेल्या सोन्याची जागा ठाऊक असलेल्या बिल कार्सनच्या शोधात, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याच्या फुटक्या किल्ल्यात येतो. चहूकडे जखमी सैनिक पडलेले. तो नुसता बघत जातो. सिनेमाभर ज्याच्या तोंडावरची रेषा हलत नाही, त्याच्या चेहऱ्यावर इथे क्षणभर काहीतरी येऊन जातं. आणि कार्सन पकडला गेला असेल तर बॅटरव्हिलच्या छावणीत सापडेल, हे त्याला इथेच कळतं.

१६१ मिनिटांत हे नाही. मग हा भाडोत्री मारेकरी उत्तरेच्या सैन्याचा सार्जंट होऊन नेमक्या त्याच छावणीत कसा काय उगवला? मी कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला तेव्हा मधलं एखादं रीळच गेलंय असं वाटलं होतं. म्हाताऱ्या आवाजाचं इतकं दुःख करण्यापेक्षा हा दुवा सांधला गेला याचं समाधान मोठं नाही का?

लूप_नंबर_सात

मी मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत एकवीस वर्षं काम करते, म्हणून आवाजावर बोलते.

ताई-दादांनो, या सिनेमाला 'मूळ आवाज' असं काही नाहीच. तेव्हाच्या इटालियन पद्धतीप्रमाणे सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, कोणी इंग्रजी, कोणी इटालियन, कोणी स्पॅनिश. सगळा आवाज नंतर स्टुडिओत भरलेला. ईस्टवूडचा जो आवाज तुम्ही खरा म्हणून जपताय तोही त्याने चित्रीकरणानंतर पडद्याकडे बघत ओठाला ओठ लावून दिलेला. मग १९६७ चं डबिंग पवित्र आणि २००३ चं भ्रष्ट, असं का?

वॉलकसाहेबांबद्दल तर मला आदरच वाटतो. ८७ व्या वर्षी सदतीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या ओठांवर शब्द बसवणं म्हणजे काय, ते बूथमध्ये उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. श्वास पुरत नाही. तरुण माणूस जिथे चार शब्द एका दमात मारतो तिथे वयस्काला मध्ये थांबावं लागतं, आणि पडद्यावरचे ओठ काही थांबत नाहीत. तो कोंबडीचा प्रसंग परत लावा आणि फक्त त्याचा श्वास ऐका. माणूस कुठेही ओठ चुकत नाही.

वाळवंटी

@लूप_नंबर_सात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण असं कधी ऐकलं नव्हतं. परत लावीन. तरी प्रेक्षक म्हणून मला बसणारा धक्का खराच आहे. एका वाक्यात माणूस पन्नाशीचा, पुढच्यात नव्वदीला टेकलेला, मग परत पन्नाशीचा. सिनेमातून बाहेर फेकल्यासारखं होतं.

@चित्रखुळा, किल्ल्याचा प्रसंग वितरकांच्या कात्रीत गेला होता, लिओनेच्या नाही. तो राहू दे. माझी कसोटी एकच: कोणी कापलं?

माळरान

मी धागाकर्त्याच्याही पुढे जाऊन सांगतो. वाढीव आवृत्ती हा प्रकारच बहुतेक वेळा सिनेमाचं नुकसान करतो.

केव्हिन कॉस्नरचा 'डान्सेस विथ वुल्व्ज' घ्या. १९९० मध्ये १८१ मिनिटांचा आला, सात ऑस्कर घेऊन गेला. पुढे २३६ मिनिटांची आवृत्ती आली. पंचावन्न मिनिटं जास्त! मूळ सिनेमात नायक डनबार, एक सैनिक, त्याच्या एकाकी ठाण्यावर पोचतो तर तिथे चिटपाखरू नाही. दरडीत खणलेली बिळं, तळ्यात मरून पडलेली हरणं. काय घडलं असेल? कोणी सांगत नाही. तो एकटा आणि आपणही एकटे. मोठ्या आवृत्तीत आधीचे सैनिक दाखवलेत, त्यांची उपासमार, त्यांचा अधिकारी, ते कसे निघून गेले, सगळं. त्या दरडीकडे बघताना पोटात जो गोळा यायचा तो यायचा थांबला. न सांगता सोडलेली जागा भरली की तिथलं वारं बंद होतं.

चित्रखुळा

@माळरान, अर्धं सांगितलंत. त्याच मोठ्या आवृत्तीत शिकारीच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आहे. कातड्यासाठी रानरेडे मारून टाकणाऱ्या गोऱ्यांना लाकोटांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या टोळीने, ठार केलंय आणि टोळी जल्लोष करतेय. डनबार ते बघतो आणि त्याला पहिल्यांदा जाणवतं की आपण या लोकांपासून अजून फार लांब आहोत. छोट्या सिनेमात त्याचं लाकोटा होणं जरा फारच सोपं होतं. इथे ते त्याला जड जातं. माझ्या लेखी या चार-पाच मिनिटांसाठी बाकीची पन्नास सोसायला हरकत नाही.

आता @वाळवंटी यांच्या 'कोणी कापलं' या कसोटीबद्दल. ती मायकल चिमिनोच्या 'हेवन्स गेट'ला लावून दाखवा. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला २१९ मिनिटांचा दाखवला, समीक्षकांनी फाडून खाल्ला, आठवड्याच्या आत काढून घेतला. आणि तो मागे घ्यायची विनंती कोणाची? खुद्द चिमिनोची. एप्रिल १९८१ ला १४९ मिनिटांचा आणला. म्हणजे तुमच्या हिशेबाने दिग्दर्शकानेच कापला, विषय संपला. पण २०१२ साली त्याच चिमिनोने २१६ मिनिटांची आवृत्ती स्वतः देखरेख ठेवून करवून घेतली, रंगसुद्धा बदलले. मग कुठला चिमिनो खरा? घाबरून कापणारा की बत्तीस वर्षांनी जोडणारा?

रोमच्या त्या पहिल्या खेळाला लिओने कशाने बिचकला असेल, ते आपण कसं ठरवणार?

हिरवळ

चिमिनोचा मुद्दा +१.

रिळवाल्याचा_पोर

माझे वडील सोलापूरकडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यामुळे 'मूळ आवृत्ती' हा शब्द ऐकला की मला त्यांचं टेबल आठवतं. प्रिंट जिल्हाभर फिरून आमच्याकडे यायची तोवर तिचे हाल झालेले असायचे. पट्टी तुटली की वडील दोन्ही टोकं कापायचे, ब्लेडने खरवडायचे, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरायचे. दर वेळी दोन-चार चौकटी टेबलाखाली. शेवटचा शो लांबतोय असं दिसलं की मॅनेजर सांगायचा आणि एखादं गाणं, कधी एखादी मारामारी सरळ वगळली जायची. इंग्रजी सिनेमाला तर कोणी विचारायचंच नाही.

मी असले वेस्टर्न त्या खिडकीतून बघितले. माझ्या गावाने पाहिलेला सिनेमा शेजारच्या तालुक्याने पाहिलेला नव्हता. त्यामुळे जास्तीत जास्त जे सापडेल ते मला हवंय. भसाड्या आवाजातलं, डागाळलेलं, कसंही. टेबलाखाली पडलेल्या त्या चौकटी मी खिशात भरून शाळेत न्यायचो. उजेडाकडे धरून बघायचो, कोण माणूस आहे, काय करतोय. आज कोणी त्या परत जोडून दिल्या तर मी दिग्दर्शकाची परवानगी विचारत बसणार नाही.

वाळवंटी

@रिळवाल्याचा_पोर, काय लिहिलंत! तुमच्याशी वाद घालायला जीव होत नाही, तरी घालतो. तुमच्या वडिलांनी कापलं ते नाइलाजाने. सिनेमा करणाऱ्याने कापलं ते विचार करून, आणि तो विचार हा सिनेमाचाच भाग आहे. शेवटच्या तिघांच्या झुंजीत लिओने आणि संगीतकार मोरिकोने आपल्याला किती वेळ ताणून धरतात! डोळे, हात, पिस्तूल, परत डोळे. जो माणूस दफनभूमीतल्या त्या वर्तुळात इतकं लांबवू शकतो, त्याने गुहा काढली ती लांबी भरली म्हणून नव्हे. टुको तीन माणसं घेऊन हॉटेलात येतो, ती कुठून आली हे विचारायची गरज पडत नाही. टुकोसारख्याला अशी माणसं कुठेही मिळतात. हे लिओनेला उमगलं आणि त्याने ते काढलं.

चिमिनोवर माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य.

ठाकूरची_शाल

आपल्याकडचं उदाहरण अजून कसं आलं नाही? 'शोले'. लिओनेच्या सिनेमांची छाया त्यावर स्पष्ट आहे. १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारतो. आपण थिएटरात पाहिलं ते पोलीस येऊन थांबवतात ते. मूळ शेवट पुढे व्हिडिओवर फिरला, आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नीट दुरुस्त करून तो शेवट आणि दोन काढलेले प्रसंग यांच्यासकट दाखवला. दुरुस्तीचं काम बोलोन्याच्याच 'लिमाजिने रित्रोवाता' प्रयोगशाळेत झालं. लिओनेच्या या सिनेमाची २०१४ ची प्रतही तिथलीच, जिच्या पिवळट रंगावरून एवढा वाद झाला.

धागाकर्त्याची कसोटी इथे मस्त लागू पडते. सरकारने कापलं, परत आणा. पण माझी आई म्हणाली, "पोलीस आले नाहीत तर तो शोले कसला?" पन्नास वर्षं तिने जो पाहिला तो तिचा आहे. तिचंही काही चुकतंय असं मला वाटत नाही.

माळरान

आईंचा मुद्दा लाखमोलाचा. म्हणूनच जुनी आवृत्ती मोडीत काढू नये.

चित्रखुळा

यावर आपण सगळे एक होऊ शकतो बहुतेक. २०१७ च्या ब्लू-रे संचात लिओनेच्या सिनेमाची दोन्ही रूपं दोन वेगळ्या डिस्कवर आली. ज्याला जे हवं ते त्याने लावावं.

रिळवाल्याचा_पोर

दोन्ही ठेवायला दोन्ही असावी लागतात. जॉन वेनने स्वतः दिग्दर्शित केलेला 'द अलामो' १९६० मध्ये २०२ मिनिटांचा लागला, मग १६७ वर आणला. पूर्ण लांबीची ७० मिलिमीटरची प्रिंट बऱ्याच वर्षांनी टोरंटोत सापडली. तिच्यावरून व्हिडिओची प्रत काढली, ती लेझर डिस्क आणि टेपवर आली. त्यानंतर ती प्रिंट नीट जपली गेली नाही, खराब होत गेली. ७० मिलिमीटरवर टिपलेला तो सगळा पसारा, आणि पूर्ण सिनेमा बघायचा तर आज जुन्या व्हिडिओच्या धूसर चित्रात बघायचा.

कोणी कापलं, का कापलं, जोडावं की नाही, हे सगळं हातात पट्टी असेपर्यंत. वडील रिळाचा डबा उघडला की आधी वास घ्यायचे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला की म्हणायचे, ही गेली. झाकण लावून डबा बाजूला ठेवायचे आणि त्या दिवशी फारसं बोलायचे नाहीत.

लूप_नंबर_सात

@वाळवंटी, गुहा परत लावलीत का?

वाळवंटी

लावली. डोळे मिटून, नुसती ऐकली. म्हणालात तसा एक दम आहे, मध्येच घेतलेला, जवळजवळ लपवलेला. तो तीनदा ऐकला.

प्रसंग सिनेमात नको, यावर मी अजूनही ठाम आहे. पण ती डिस्क कोणाला देऊन टाकायचा विचार होता, तो सोडला.