शब्दचर्चा : साहेब ‘सांभाळून घेतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

वडगाववाली :
नमस्कार मंडळी. मी व्यवस्थापनशास्त्रात संशोधन करते. वरिष्ठ माणूस हाताखालच्यांच्या भावना कशा ओळखतो, स्वतःच्या कशा आवरतो आणि त्याचा कामावर काय परिणाम होतो, हा माझा विषय. प्रश्नावली इंग्रजीत तयार आहे. ती बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्री (धातू ओतकाम) आणि हायड्रॉलिकच्या कारखान्यांतल्या मराठी कामगारांपुढे ठेवायची आहे.

भाषांतराची रीत ठरलेली असते. एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मग दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सगळीकडे चालते. ‘एम्पथी’ला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याची भावना ओळखण्याला, मी ‘समानुभूती’ हा शब्द घेतला. परतीच्या भाषांतरात तो जसाच्या तसा ‘एम्पथी’ होऊन आला. पण मोल्डिंग (साचे बनवण्याच्या) खात्यातल्या एका मामांनी वाक्य वाचून विचारलं, “साहेब सगळ्यांना समान वागवतात काय, असं विचारलंय न्हवं?” शेजारचे म्हणाले, “आमचे साहेब सांभाळून घेतात की.” हे वाक्य परतीच्या भाषांतराला दिलं, तर त्याचं ‘चुकांवर पांघरूण घालतात’ होऊन आलं.

म्हणजे कामगाराला न कळणारा शब्द परीक्षेत पास आणि त्याच्या तोंडचा शब्द नापास. ‘सांभाळून घेणे’ एम्पथीसाठी वापरता येईल का? नसेल, तर त्याचा अर्थ नेमका कुठपर्यंत जातो?

खानापूरकर :
ताई, प्रश्न फार मोलाचा आहे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांच्या बाजूने सांगतो.

इंग्रजीतला ‘एम्पथी’ हासुद्धा घडवलेलाच शब्द आहे. जर्मन ‘आइनफ्यूलुंग’साठी टिचनर या मानसशास्त्रज्ञाने तो १९०९ मध्ये वापरला. तेव्हा आपण ‘समानुभूती’, ‘तदनुभूती’, ‘परानुभूती’ घडवले यात गैर काही नाही. वर्गात आणि ग्रंथात ते चालतात. अडचण अशी की ‘सहानुभूती’ची फोड केली तर तिचा अर्थ हाच निघतो, सोबत अनुभवणं. पण तो शब्द कचेऱ्यांनी नेला. ‘माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य लिहून लिहून सहानुभूती ही साहेबाने अर्जदारावर करायची कृपा झाली. दुसरा शब्द घडवावा लागला तो त्यामुळे.

आता ‘सांभाळून घेणे’. लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीकडची माणसं काय म्हणतात? “आमच्या मुलीला सांभाळून घ्या.” तिच्या चुका झाका, एवढंच त्यांना म्हणायचं नसतं. ती नवी आहे, तिला तुमच्या रीती ठाऊक नाहीत, चुकली तर लगेच मापं काढू नका, तिला रुळायला वेळ द्या, आणि बाहेरचं कुणी बोललं तर तिच्या बाजूने उभे राहा, एवढं सगळं त्या चार शब्दांत असतं. पांघरूण घालणं हा त्यातला एक कोपरा. एम्पथी यात गृहीत आहे, कारण समोरच्याची अडचण कळल्याशिवाय सांभाळून घेता येत नाही. पण कळून थांबलं तर त्याला सांभाळून घेणं म्हणत नाहीत, पुढे काही करावं लागतं. म्हणून दोन्ही शब्दांची जागा एक नव्हे, असं माझं मत.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हा शब्द वरून खाली वाहतो. सासू सुनेला सांभाळून घेते, जुना नव्याला. उलट दिशेने जायचं तर मराठीत दुसरा शब्द लागतो, ‘मर्जी सांभाळणे’. क्रियापद तेच, पण ‘घेणे’ गेलं आणि ‘मर्जी’ आली की अर्थाचं तोंड फिरलं. “साहेबांना आम्हीच सांभाळून घेतो,” असं कुणी म्हणालं तर साहेबांना काम येत नाही, असं तो सांगतोय. आपल्याकडचे मन हाताळण्याचे बहुतेक शब्द असे दिशा धरून आहेत. समजूत काढायची ती लहानाची. मनधरणी करायची ती रुसलेल्या किंवा वरचढ माणसाची. कानउघाडणी खाली, आर्जव वर. इंग्रजी पारिभाषिक शब्दाला ही दिशा नसते, आणि तुमच्या प्रश्नावलीत नेमकं हेच सुटतंय.

शिफ्टवाला :
मी उद्यमबागेतच सुपरवायझर आहे, आधी हेल्पर होतो. सरांचं दिशेचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण ताई, तुमच्या यादीत ‘माझे वरिष्ठ रागावतात’ असं वाक्य असेल तर त्याची उत्तरं तुम्हाला फसवतील.

आमच्यात रागावणं वेगळं आणि ओरडणं वेगळं. भट्टीतून वितळलेल्या धातूचा रस काढला की तो कुणासाठी थांबत नाही. लाडल (रस वाहून न्यायचं भांडं) घेऊन माणूस निघाला आणि साच्याजवळ कुणी आडवा आला, तर ‘कृपया बाजूला व्हा’ म्हणायला वेळ नसतो. तिथं ओरडावंच लागतं, पंख्यांच्या आवाजात ऐकूही जायला पाहिजे. पोरं ते मनाला लावून घेत नाहीत. “ओरडणं कामाचं आहे,” असंच म्हणतात. पण तेच चहाच्या वेळी, चार माणसांसमोर, काल रिजेक्ट झालेल्या नगावरून हळू आवाजात टोचून बोललं, तर तो राग. तो महिनाभर लक्षात राहतो. आवाज मोठा कुठला आणि राग मोठा कुठला, हे कागदावर कळत नाही.

दुसरं, आमच्या खात्यात निम्मी माणसं कन्नड बोलणारी. मराठी पोरांचं कन्नड आणि कन्नड पोरांचं मराठी एकमेकांत मिसळलेलं. ‘संताप’ हा शब्द टाळा. कन्नडमध्ये संताप म्हणजे शोक, कुणी वारलं की ‘संताप’ व्यक्त करतात. रागाला ते ‘सिट्टु’ म्हणतात. ‘समाधान’चंही तसंच. कन्नडमध्ये समाधान करायचं म्हणजे चिडलेल्याला किंवा रडणाऱ्याला शांत करायचं. तुम्ही ‘कामात समाधान मिळतं का’ विचारलं, तर एखाद्याला वाटेल की साहेब येऊन धीर देतात का, असं विचारलंय.

खानापूरकर :
फारच नेमकं. संस्कृतात ‘संताप’ म्हणजे पोळणं आणि त्यावरून मनाची होरपळ. कन्नडने त्यातलं दुःख ठेवलं, मराठीने आग ठेवली. तरी आपल्या ‘मनस्ताप’ आणि ‘पश्चात्ताप’मध्ये ते दुःख अजून आहे. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे तोडगा, हा तिसरा फाटा. कामातल्या समाधानाला कन्नड संशोधक ‘तृप्ती’ वापरतात. आपल्याकडे तृप्ती जेवणाची, पण सीमाभागातल्या वाचकाला कळायला अडचण येणार नाही.

धारवाडची मास्तरीण :
मी मानसशास्त्र शिकवते. माहेर बेळगावचं, त्यामुळे हा धागा वाचून गप्प बसवेना. शिफ्टवाले दादांनी जे सांगितलं त्यावर आमच्या शास्त्रात पायाभूत काम झालेलं आहे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’, म्हणजे नोकरीसाठी ठरावीक भावना दाखवण्याचे कष्ट, ही कल्पना मांडली. त्यांनी दोन प्रकारची माणसं अभ्यासली : प्रवाशांसमोर हसतमुख राहायचं असे विमानातले कर्मचारी, आणि थकबाकीदाराला धाक घालायचा असे वसुलीवाले. हसू जसं नोकरीचा भाग, तसा कठोरपणाही नोकरीचा भाग. “ओरडणं कामाचं आहे” या वाक्यात ती कल्पना आख्खी बसली आहे, आणि ‘भावनिक श्रम’पेक्षा ती कामगाराला लवकर कळेल.

त्यांनी याचे दोन प्रकार केले. एकात फक्त चेहरा बदलतो, दुसऱ्यात माणूस आतली भावनाच बदलायला बघतो. पहिल्यासाठी विद्यार्थी ‘पृष्ठस्तरीय अभिनय’ लिहितात, ते वाचवत नाही. मराठीत ‘तोंडदेखलं’ आहे, पण जपून वापरावं लागेल. तोंडदेखलं म्हटलं की माणसावर खोटेपणाचा आरोप येतो. हॉकशील्ड आरोप करत नाहीत, पगारासाठी चेहरा सांभाळणाऱ्या माणसाची झीज त्या दाखवतात. म्हणून मी ‘मनात नसताना हसावं लागतं’ असं आख्खं वाक्य लिहीन. दुसऱ्या प्रकाराला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे : ‘स्वतःच्या मनाची समजूत घालणे’. गिऱ्हाईक तिरसटलंय, पण त्याच्या घरी काही अडचण असेल, असं मनाला समजावत आपण खरोखर शांत होतो, ते हे.

आणि ‘राग गिळणे’ यात मिसळू नका. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं की भावना दाबून धरली तर चेहऱ्यावर दिसत नाही, पण आतून ती कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं तर मात्र भावनाच सौम्य होते. गिळलेला राग आणि निवलेला राग, हा भेद मराठी माणूस रोज करतो. प्रश्नावलीत दोन्हींसाठी ‘भावनांवर नियंत्रण’ हा एकच शब्द आला तर मोजमाप वाया गेलं म्हणून समजा.

दिशेबद्दल थोडं. हॉकशील्ड यांनी लिहिलंय की ज्याचं स्थान वरचं, त्याला लोकांच्या रागापासून एक ढाल मिळते. खालच्याला, आणि विशेषतः बायकांना, ती मिळत नाही. सर म्हणतात तशी मराठी शब्दांतली वरखाली वाट हीच.

वडगाववाली :
मॅडम, ‘नेतृत्वा’चं काय करू? ‘तुमच्या नेत्याचं वर्तन’ म्हटलं की लोक निवडणुकीचं बोलायला लागतात. आपल्या भागात नेता, पुढारी हे शब्द आंदोलनाचे आणि राजकारणाचे.

धारवाडची मास्तरीण :
‘नेता’ काढा, ‘तुमच्या शिफ्टचे साहेब’ लिहा. कन्नडमधला ‘मुंदाळु’ही पुढारी या शब्दाचाच जुळा भाऊ, ‘मुंदे’ म्हणजे पुढे. तिथेही तीच अडचण.

आपल्या देशातलं एक काम जरूर पाहा. मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास असा नेता मांडला, जो माया करतो, पण ती माया कामाशी बांधलेली असते. काम करशील तर मी तुझ्या पाठीशी आहे, आणि तू तयार होत गेलास की निर्णयातही तुला सोबत घेईन. पाश्चात्त्य चौकटीत हुकूमशाही आणि सहभाग असे दोन टोकांचे खांब होते. सिन्हांनी मधली ही वाट दाखवली. सरांनी पाठवणीचा जो अर्थ उलगडला, त्यातलं ‘रुळायला वेळ द्या’ मला इथे ओळखीचं वाटलं. तुमच्या कामगारांनी ‘सांभाळून घेतात’ हा शब्द आपणहून दिला असेल, तर त्याला एम्पथीच्या साच्यात कोंबू नका. तो स्वतंत्रपणे मोजा.

निपाणीकर :
आमच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तिथला ‘मुकादम’ हा शब्दही टिपून ठेवा. तो उचल देतो, माणसं गोळा करतो, कारखान्याशी बोलणी करतो, फडात भांडण झालं तर मिटवतो. पैसे त्याचे अंगावर असल्यामुळे त्याच्या मायेवर विश्वास ठेवायचा की नाही, हे टोळीतला माणूस शेवटपर्यंत ठरवू शकत नाही. ‘सांभाळून घेतो’ हे वाक्य तिथं कृतज्ञतेनेही येतं आणि नाइलाजानेही. फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण घेतलीत तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

आणखी एक. चुका बोलून दाखवण्याबद्दल प्रश्न आहेत का? चूक न बोलता मनात ठेवण्याला आमच्याकडे ‘डूख धरणे’ हा शब्द आहे. चूक झाली त्या वेळी काही बोलायचं नाही, पण मनात ठेवायचं आणि पुढे पगारवाढीला किंवा सुट्टीला काढायचं.

वडगाववाली :
आहेत. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांचं १९९९ चं काम आहे, एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांवरचं. आपल्या गटात मोकळेपणी बोललं तर आपलं काही बिघडणार नाही, ही खात्री त्या मोजतात. त्यातलं पहिलंच वाक्य आहे की या गटात चूक केली तर ती अनेकदा तुमच्याविरुद्ध धरली जाते. मी त्याचं शब्दाला शब्द लावून भाषांतर करून ठेवलं होतं. त्याऐवजी ‘मनात धरून ठेवतात’ हेच योग्य. ‘डूख’ मात्र नको, कारण त्यात सूडही येतो, तो मूळ वाक्यात नाही. त्याआधी त्यांनीच रुग्णालयांत औषधांच्या चुका पाहिल्या होत्या. चांगले प्रमुख असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त सापडली, कारण तिथली माणसं चूक लपवत नव्हती. आपल्या फौंड्रीत रिजेक्शनचं रजिस्टर वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

शिफ्टवाला :
हे मात्र खरं. ज्या शिफ्टला कागदावर चुका नाहीत, तिथला खराब माल भंगारात सापडतो.

खानापूरकर :
जाता जाता ‘भावनिक बुद्धिमत्ते’चं सांगतो. सॅलोव्हे आणि मेयर यांनी १९९० मध्ये ती कल्पना मांडली, पाच वर्षांनी लेखक गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती घरोघरी गेली. मराठीत ‘पोच’ आहे : “त्याला पोच नाही.” कुणासमोर, कधी, किती बोलावं याची समज. भावना ओळखणं आणि हाताळणं पोचमध्ये येतं, भावनेचा विचारासाठी उपयोग करणं येत नाही. तेवढी कमतरता मान्य करूनही मी मुलाखतीत ‘पोच’ वापरून पाहीन.

वडगाववाली :
सगळ्यांचे मनापासून आभार. मार्गदर्शकांशी बोलून पुढची वाक्यं ठरवत आहे, खटकलं तर सांगा.

‘समानुभूती’ काढली. त्याजागी : “माझं काही बिनसलं असेल तर न सांगता साहेबांच्या लक्षात येतं.” सांभाळून घेण्याची वाक्यं वेगळी : “नवा माणूस चुकला तर साहेब त्याला शिकायला वेळ देतात,” आणि “मॅनेजरसमोर साहेब आमच्या बाजूने बोलतात.” ‘रागावतात’ मोडून दोन केली : “कामाच्या घाईत साहेब मोठ्याने ओरडतात,” आणि “चार माणसांसमोर टोचून बोलतात.” ‘संताप’ आणि ‘समाधान’ कुठेच नाहीत. उलट दिशेचंही एक वाक्य घातलं, मूळ प्रश्नावलीत नसलेलं : “साहेबांची मर्जी सांभाळावी लागते.” ते वेगळं मोजेन, मूळ मापात मिसळणार नाही.

आता कन्नड प्रतीचा प्रश्न. ‘सांभाळून घेणे’ला तिकडे काय म्हणतात, शिफ्टवाले दादा?

शिफ्टवाला :
‘संभाळिसु’ आहे, पण त्यात काम निभावून नेणं जास्त. आमची पोरं ‘होंदाणिके’ही म्हणतात, म्हणजे जुळवून घेणं. पण ते दोघांनी मिळून करायचं असतं, त्यात वरखाली नाही. उद्या दुसऱ्या शिफ्टला मोल्डिंगमध्ये दोन-तीन जुने कन्नड मिस्त्री असतात, त्यांना तुमची दोन्ही वाक्यं वाचून दाखवतो आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत इथे लिहितो.