घरी बांधलेल्या बग्गीची नियमित तपासणी कशी करावी?

गेवराईचा शेतकरी
नमस्कार. भंगारातील मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन मागे बसवून आम्हा भावांनी पाइपच्या सांगाड्याची बग्गी बांधली असून, ती नोंदणीकृत नसल्यामुळे केवळ आमच्या गोदाकाठच्या रानातच चालवतो. गेल्या रविवारी थांबून पाहिले, तेव्हा मागच्या चाकाच्या चार नटांपैकी दोन चक्क बोटांनी फिरत होते. चालवण्यापूर्वी दर वेळी काय पाहावे आणि महिन्याकाठी काय?

परभणीचा मेकॅनिक
रिमला नुकताच रंग दिला होता का? रिमवर नट आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) जेथे टेकतात तेथील रंगाचा थर दाबाखाली चेपला जातो आणि घट्ट आवळलेला नटही सैल पडतो. तो रंग खरवडून काढा, आट्यांना ग्रीस लावू नका, आणि चाक बसवल्यावर थोडे अंतर चालवून पुन्हा पाना लावा. रिमची छिद्रे लांबट झाली असतील, तर मात्र रिम आणि स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) दोन्ही बदला. तेथे काटकसर नको. प्रत्येक वेळी ब्रेकचे पेडल दाबून पाहा, ते स्पंजासारखे लागले तर गाडी बाहेर काढू नका. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या टाय रॉडच्या टोकांतील ढिलाई महिन्याला तपासली तरी चालेल.

जालन्याचा वेल्डर
माझी चिंता सांगाड्याची आहे. सस्पेन्शनचे ब्रॅकेट जेथे पाइपला जोडले आहे, तेथे वेल्डिंगच्या कडेने रंगावर गंजाची केसाएवढी रेघ उमटली असेल, तर तो ओरखडा नसून तडा असण्याची शक्यता अधिक. वरून नुसते वेल्डिंग फिरवू नका. तडा पूर्ण घासून काढल्यावरच जोड भरा. सांगाड्याला फिकट रंग द्यावा, म्हणजे अशी रेघ लगेच दिसते.

लातूरकर
आपल्याकडची काळी माती विसरू नका. ती रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसली की चाक थरथरते आणि लोक उगीच स्टेअरिंगला दोष देतात. अॅक्सलचे रबरी बूट (सांध्यांवरची आवरणे) धुऊन पाहावेत, कारण ते फाटल्यास आतील ग्रीसमध्ये वाळू जाते. उन्हाळ्यात एअर फिल्टर प्रत्येक फेरीनंतर पाहावा.

गेवराईचा शेतकरी
रंग शनिवारीच दिला होता. सर्व रिम खरवडून नट आवळले, काल बांधावरून दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा पाना लावला, तर एक नट आणखी पाव फेरा फिरला.