सुई टोचताना मुलाच्या डोळ्यांवर व्हीआर चष्मा चढवावा का?

बालविभाग_परिचारिका
रक्त काढताना किंवा सलाईनची सुई लावताना रडणाऱ्या मुलाला दोघातिघांनी दाबून धरण्याची पद्धत बंद व्हावी आणि त्यासाठी व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभे करणारा) चष्मा नेहमीच्या वापरात यावा, असे माझे ठाम मत आहे. वेदना जाणवायलाही लक्ष लागते. मूल दुसऱ्या जगात गुंतले की सुईच्या वाट्याला त्यातले थोडेच उरते. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाळ आभासी जग याच विचाराने उभे केले. २००० साली त्यांनी दोन किशोरवयीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात साध्या व्हिडिओ गेमपेक्षा व्हीआरमध्ये वेदना बऱ्याच कमी जाणवल्याचे दिसले.

सावध_पालक
दोन रुग्णांवरून सर्व मुलांसाठी धोरण ठरवता येत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १७ चाचण्या आणि ४ ते १८ वयोगटातील १००८ मुले होती, तरीही पुराव्याची खात्री कमी किंवा अत्यंत कमी असल्याचाच निर्वाळा त्यात दिला आहे. पण माझा खरा आक्षेप निराळा आहे. माझी मुलगी सुई आत जाताना टक लावून पाहते, “आता टोचणार का?” असे विचारते आणि उत्तर मिळाले की हात स्थिर ठेवते. अशा मुलाचे डोळे झाकून अचानक टोचले, तर पुढच्या वेळी ते कोणावरच विश्वास ठेवणार नाही.

भूलतज्ज्ञ
मला भीती आहे ती घाईची. त्वचा बधिर करणारे लिडोकेन-प्रिलोकेन मलम लावल्यावर साधारण एक तास थांबावे लागते आणि नेमका तोच तास वाचवण्याकडे सर्वांचा कल असतो. चष्मा हाताशी आला की मलम मागे पडेल आणि दुखणे कमी करण्याऐवजी आपण ते नुसते झाकू. शिवाय चेहऱ्यावर जखम असलेले, फिट येणारे किंवा मळमळणारे मूल यासाठी योग्य नाही, आणि प्रत्येक वापरानंतर चेहऱ्याला टेकणारी गादी निर्जंतुक करण्याचे काम कोणाकडे, हेही आधी ठरायला हवे.

बालविभाग_परिचारिका
मलमाला पर्याय म्हणून मी चष्मा सुचवलेलाच नाही. दोन्ही एकत्र वापरावेत, हेच माझे म्हणणे आहे. मलमाच्या त्या तासात मुलाला चष्मा हाताळू द्यावा, टोचण्याआधी सांगावे असे त्याला वाटते का ते विचारावे, आणि मोकळ्या हाताने तो केव्हाही काढता येईल हे दाखवावे. खेळही केवळ नजरेने चालणारा निवडावा, म्हणजे सुईचा हात हलत नाही. पाहूनच धीर येणाऱ्या मुलाला मी चष्मा लावणार नाही. परंतु सुई दिसताच अंग आक्रसून घेणारी मुले मी रोज पाहते आणि त्यांना धरून ठेवण्यापेक्षा हा मार्ग मला निश्चित माणुसकीचा वाटतो.

सावध_पालक
तुमच्या विभागात असे होत असेल, तर मला आनंदच आहे. तरीही बाहेर रांग लागलेली असताना मुलाने “नको” म्हटले, तर ते खरोखर ऐकले जाईल, याची लेखी कार्यपद्धती असल्याशिवाय मी संमती देणार नाही.