सिंहगडाचा चढ रोड बाईकने (सायकलने) न उतरता कसा पूर्ण करावा?

प्रश्न – सपाटीचा_स्वार
खडकवासला आणि डोणजेमार्गे गोळेवाडीच्या नाक्यापर्यंत मी सहज पोहोचतो. परंतु तिथून गडावरील वाहनतळापर्यंतचा घाट मला अद्याप सलग चढता आलेला नाही. तीव्र वळणांवर पेडल इतके जड होते की तोल जाण्याच्या भीतीने उतरावे लागते. सायकलला पुढे ५२/३६ दातांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रे) आणि मागे ११-२५ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आहे. सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर झाले तरी त्रास होत नाही. मग कमतरता ताकदीची आहे, गिअरची की पद्धतीची?

उत्तर – घाटवाट
मुख्यतः गिअरची. तुमच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये, म्हणजे ३६/२५ मध्ये, पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे तीन मीटर पुढे जाते. त्यामुळे मिनिटाला ७० फेऱ्यांची लय राखायची असेल तर ताशी साधारण १२.७ किलोमीटर वेगाने चढावे लागेल. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर ८ टक्के चढावर त्यासाठी अंदाजे २४५ वॅट लागतात, आणि हौशी सायकलस्वाराला एवढी शक्ती घाटभर टिकवणे फार कठीण असते. हीच लय ३४/३२ वर, म्हणजे पुढे ३४ दातांची चेनरिंग आणि मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट लावून राखली, तर वेग ताशी ९.४ किलोमीटर होतो आणि सुमारे १८० वॅट पुरतात. त्यामुळे फेऱ्या ५० च्या खाली घसरून सगळा भार गुडघ्यांवर येण्याचा प्रसंग टळतो. मात्र कॅसेट घेण्यापूर्वी मागच्या डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेची) मर्यादा पाहावी, कारण आखूड पिंजऱ्याचे (चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड असलेले) डिरेलर बहुधा २८ किंवा ३० दातांपर्यंतच चालतात. कॅसेट मोठी झाल्यास चेनची लांबीही तपासावी लागते.

उत्तर – मंदगती
वरील हिशेब पटतो, तरीही पद्धतीकडे दुर्लक्ष करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नाक्यानंतरचा पहिला किलोमीटर पाय ताजे असल्यामुळे जोरात जातो आणि त्याची किंमत वरच्या वळणांवर मोजावी लागते. म्हणून सुरुवातीला धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. हात हॅण्डलबारच्या वरच्या भागावर सैल असावेत आणि शक्यतो बसूनच चढावे. उभे राहायचे असेल तेव्हा आधी एक गिअर जड करावा, नाहीतर पेडल अचानक पोकळ लागते आणि लय तुटते. वळणाची आतली कड सर्वांत तीव्र असते. बाहेरून वळल्यास चढ सौम्य होतो, पण डावीकडच्या वळणावर तसे केल्यास आपण थेट उतरणाऱ्या जीपसमोर येतो. त्यामुळे वरचा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय तो मोह धरू नये. सरावासाठी कात्रजचा जुना घाट चांगला आहे, कारण त्याचा चढ सौम्य असल्यामुळे एकसारखी लय अंगवळणी पडते.

उत्तर – पहाटफेरी
शनिवार-रविवारी उजाडताच चढायला लागावे. पुढे वाहनांची रांग लागते आणि थांबल्यावर तीव्र चढावर पुन्हा क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये बसणारी पट्टी) अडकवणे अवघड जाते. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबणारे) असल्यास रिम तापून ट्यूबला धोका होतो, म्हणून वळणापूर्वी दोन्ही ब्रेक नीट लावून वेग कमी करावा आणि सरळ पट्ट्यावर ते सोडून द्यावेत. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा रस्ता चालू असल्याची खात्री करूनच निघावे.