मदत हवी आहे: आजेसासूबाईंच्या आजीचं फ्रान्समधलं माहेर शोधायचंय

मंडळी, फ्रान्सच्या किंवा जर्मनीच्या जुन्या दप्तरांत कुणी शोधाशोध केली असेल तर मदत हवी आहे.

मी फिलाडेल्फियात राहते, नवरा इथलाच. माझ्या आजेसासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. त्यांची आजी तरुणपणी फ्रान्सहून एकटीच इथे आली, पण कुठल्या गावची ते घरात कुणालाच माहीत नाही. आजेसासूबाईंनी तिला पाहिलेलं नाही, नाव मात्र तिचंच मिळालंय. मी गेले की दर वेळी विचारतात, "लागला का पत्ता?"

१९०० च्या जनगणनेत तिचा जन्म मार्च १८६६, देश फ्रान्स आणि अमेरिकेत आल्याचं साल १८८५ असं लिहिलंय. (ती एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर उतरली अशी गोष्ट घरात सांगतात, पण ते १८९२ ला उघडलं.) १९१० च्या जनगणनेत मात्र जन्मदेश जर्मनी, मातृभाषाही जर्मन! ही दुसरीच कुणी बाई असेल म्हणून मी तो कागद बाजूला ठेवला होता. पण पत्ता तोच, मुलांची नावंही तीच.

मग आजेसासूबाईंनी कपाटातून तिचं प्रार्थनेचं पुस्तक काढून दिलं. तळहाताएवढं, काळ्या कातड्याचं, कोपरे झिजून पांढरे पडलेले. आतली छपाई जुन्या टोकदार जर्मन अक्षरांत. शेवटच्या कोऱ्या पानावर शाईने चार ओळी आहेत, त्यातलं १८७९ तेवढं मला लागतं. ते पाहिलं आणि वाटलं, ही अल्सासची, म्हणजे फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या प्रांताची असणार. १८७१ मध्ये अल्सास जर्मनीकडे गेला. म्हणजे जन्माने फ्रेंच असलेली ही मुलगी पाचव्या वर्षी घर न सोडता जर्मन झाली, आणि जनगणनेचे दोन्ही कागद खरे!

फ्रान्समध्ये एक गोष्ट फार चांगली आहे. सरकारी नोंदीत बाई शेवटपर्यंत माहेरच्या आडनावाने राहते. आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत सासरी गेलेली लेक कशी दिसेनाशी होते, ते आठवलं की याचं मोल कळतं. अल्सासच्या दोन्ही जिल्ह्यांची, कोलमार आणि स्ट्रासबुर्गची, जन्मनोंदींची पुस्तकं ऑनलाइन फुकट पाहता येतात. पण ती गावावार लावलेली, आणि गावं शेकडो. त्यात तिचं आडनाव इथे तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलंय, एकात सुरुवातीला ब, दुसऱ्यात प. नागरिकत्वाचे कागदही नाहीत, कारण १९२२ पर्यंत नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची. मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थळ नुसतं "फ्रान्स".

जुनं जर्मन हस्ताक्षर कुणाला वाचता येतं का? त्या चार ओळींत गावाचं किंवा चर्चचं नाव असेल अशी मला फार आशा आहे. दुसरं, १८७२ मध्ये फ्रेंच नागरिकत्व राखण्यासाठी नावं नोंदवणाऱ्यांच्या याद्या आहेत, त्यांत जन्मगाव असतं. त्या याद्यांत आडनावाची वेगवेगळी रूपं घालून कसं शोधायचं? आणि तिचं लग्न १८८९ मध्ये इथल्या कॅथलिक चर्चमध्ये झालं. तिथल्या लॅटिन नोंदवहीत वधूचं मूळ गाव लिहिलेलं कुणाला सापडलंय का? तसं असेल तर मी याच आठवड्यात तिथे अर्ज करते.

पानाचा फोटो आणि आडनावाची तिन्ही रूपं, मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलात की लगेच पाठवते.