सॅपमध्ये जतन केलेला व्हेरियंट जुनीच तारीख उचलतो

खतावणी_अंधेरी
नमस्कार. अंधेरीच्या एमआयडीसीतील एका कंपनीत मी पुरवठादारांची देणी सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहतो. एमएसएमई-१ हा सहामाही फॉर्म एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर भरावा लागत असल्याने, ज्या सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांहून अधिक काळ थकले आहेत त्यांची यादी मी सॅपच्या एफबीएल१एन या पुरवठादारांच्या नोंदींच्या अहवालातून काढतो. दर वेळी तेच निकष भरण्याचा कंटाळा आला, म्हणून एप्रिलमध्ये ते व्हेरियंटमध्ये, म्हणजे नावाने साठवलेल्या निकषांच्या संचात, जतन केले. ऑक्टोबरमध्ये तोच व्हेरियंट चालवला, तर वसईच्या एका पुरवठादाराचे जूनमध्ये चुकते केलेले बिल थकबाकीत दिसले, कारण ‘ओपन ॲट की डेट’च्या (कोणत्या तारखेची थकबाकी हवी, त्या) चौकटीत ३१ मार्च तसाच बसून होता. शिवाय मी लावलेला स्तंभांचा क्रमही उरला नव्हता. दर वेळी तारीख हातानेच बदलावी लागते का?

बीकेसीचा_हिशेबनीस
नाही. व्हेरियंट जतन करताना गुणधर्मांचा जो पडदा येतो, त्याकडे बहुतेक जण नाव टाकण्यापुरतेच पाहतात. तिथे की डेटच्या ओळीत ‘सिलेक्शन व्हेरिएबल’साठी ‘डी’ (तारीख आपोआप काढणारा प्रकार) निवडा आणि ‘मागील महिन्याचा शेवटचा दिवस’ हा पर्याय घ्या. मग यादी ऑक्टोबरमध्ये काढली की ३० सप्टेंबर आणि एप्रिलमध्ये काढली की ३१ मार्च आपोआप येईल.

स्तंभांचा प्रश्न वेगळा आहे. व्हेरियंट निकष जपतो आणि स्तंभांची मांडणी लेआउटमध्ये राहते, त्यामुळे आधी लेआउट जतन करून त्याचे नाव निवड-पडद्याच्या तळाशी असलेल्या ‘लेआउट’ चौकटीत भरावे आणि त्यानंतरच व्हेरियंट जतन करावा. लेआउटचे नाव तिरक्या रेघेने सुरू केल्यास तो सर्वांना दिसतो. अक्षराने सुरू केल्यास तो तुमच्यापुरता राहतो.

फोर्टचा_ऑडिटर
वरील उत्तर बरोबर आहे, पण सहामाही फॉर्मसाठी ‘डी’वर विसंबणे मला धोक्याचे वाटते. काम लांबून यादी नोव्हेंबरमध्ये काढली, तर तारीख ३१ ऑक्टोबर येईल आणि पडद्यावर काहीच खटकणार नाही. अशा वेळी ‘टी’ प्रकार निवडून तारीख टीव्हीएआरव्हीसी या सॅपमधील सामाईक तक्त्यात ठेवावी. सहा महिन्यांतून एकदा ती एकाच माणसाने बदलली की सर्वांचे व्हेरियंट तीच तारीख वाचतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार उशिराच्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागते, तेव्हा इथे तारखेची ढिलाई परवडत नाही. इतरांना व्हेरियंट बदलता येऊ नये म्हणून ‘प्रोटेक्ट व्हेरियंट’वरही खूण करा, आमच्याकडे एका नवीन मुलाने चाचणीसाठी कंपनी कोड बदलून त्याच नावाने जतन केले होते.

खतावणी_अंधेरी
दोघांचेही आभार. मासिक यादीला ‘डी’ आणि सहामाही यादीला ‘टी’ असे दोन व्हेरियंट केले. मात्र शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला ते सापडत नाहीत.

बीकेसीचा_हिशेबनीस
शोधाच्या खिडकीत ‘क्रिएटेड बाय’मध्ये त्यांचेच यूजर नाव आधीपासून भरलेले असते. ते पुसून एफ८ दाबायला सांगा.